गेम खेळताना पीसी अचानक रीस्टार्ट होतोय? पार्ट बदलायच्या आधी हे तपासा

दिवसभर पीसी एकदम व्यवस्थित चालतो, ब्राउझर, व्हिडिओ, ऑफिसचं काम, कशालाच काही होत नाही, आणि जड गेम लावला की थोड्या वेळात स्क्रीन काळी आणि परत बूटचा लोगो. असं व्हायला लागलं की बहुतेक जण आधी विंडोज नव्याने टाकतात, मग ड्रायव्हर बदलतात, मग कोणीतरी सांगतं ग्राफिक्स कार्ड गेलंय म्हणून नवीन कार्ड बघायला लागतात. प्लीज असं करू नका. पैसे जातात, प्रॉब्लेम तसाच राहतो, आणि ज्याच्यावर सगळ्यात शेवटी संशय येतो तो एसएमपीएसच, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबाच, खूपदा दोषी निघतो.

आधी पीसी नक्की कसा बंद पडतोय ते बघायचं. सर्चमधे 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधा, त्यात 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंगमधे 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची टिक काढून टाका आणि परत तोच गेम लावा. आता जर ब्ल्यू स्क्रीन येऊन थांबली तर त्यावरचा स्टॉप कोड लिहून घ्या, म्हणजे विंडोजला निदान काय बिघडलं ते सांगायला वेळ मिळाला. पण टिक काढूनही जर निळं काहीच न दिसता पीसी सरळ रीस्टार्ट झाला तर समजा की विंडोजला काही कळायच्या आतच खालून पॉवर तुटली किंवा हार्डवेअरनेच रीसेट मारला. आणि तिसरा प्रकार म्हणजे पीसी बंद होतो आणि बंदच राहतो, मागचं एसएमपीएसचं बटण बंद करून चालू केल्याशिवाय उठतच नाही, तिथे बहुतेक वेळा एसएमपीएसचं प्रोटेक्शन ट्रिप झालेलं असतं.

इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधली घडामोडींची नोंदवही) उघडलात की 'कर्नेल-पॉवर ४१' दिसेल आणि सगळे तिथेच अडकतात. या एंट्रीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट शटडाऊन झालं नव्हतं, बंद का पडलं ते त्यात लिहिलेलं नसतं. पण तिच्या डिटेल्समधे 'बगचेक कोड' असतो तो बघा, शून्य असेल तर ब्ल्यू स्क्रीनची नोंदच झालेली नाही म्हणजे पॉवर किंवा रीसेटकडे बोट जातं. शून्य नसेल तर विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंप फोल्डरमधे क्रॅशची फाइल असायला हवी, ती वाचता येते. आणि त्याच वेळेला 'व्हीया-लॉगर'ची (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची नोंद) एंट्री असेल, खास करून १८ नंबरची, तर प्रोसेसर, त्याचं व्होल्टेज किंवा ओव्हरक्लॉक बघायचं. प्रत्येक वेळी एकाच कोअरचा नंबर येत असेल तर संशय अजून पक्का.

आता सगळ्यात कामाची टेस्ट, हिला एक रुपया लागत नाही. आफ्टरबर्नर हे कार्डची सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर घ्या, कार्डची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, गेमचा एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते) ६० वर लॉक करा आणि नेहमीसारखं खेळा. रीस्टार्ट थांबले तर कार्ड पूर्ण ताकदीने पॉवर ओढतं तेव्हाच गडबड होतेय हे जवळजवळ सिद्ध झालं, मग एसएमपीएस, केबल किंवा भिंतीकडून येणारी लाईन यातलंच काहीतरी. फक्त एक लक्षात ठेवा, पॉवर कमी केली की गरमीपण कमी होते, म्हणून ही टेस्ट करताना टेम्परेचर सोबत बघायचं, नाहीतर निष्कर्ष चुकेल.

एसएमपीएसचं गणित लोक सरळ बेरीज करून करतात आणि तिथेच फसतात. आरटीएक्स ३०८० चा रेटिंग ३२० वॉट, पण हे सरासरी झालं, काही मिलिसेकंदांसाठी ते कार्ड त्याच्या बरंच वर उडी मारतं. जुना किंवा साधा एसएमपीएस ती उडी ओव्हरलोड समजतो आणि स्वतःला वाचवायला बंद पडतो, म्हणजे कागदावर वॉट पुरत असूनही पीसी पडतो. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० स्टँडर्डमधे एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरतं रेटिंगच्या २०० टक्क्यांपर्यंत सहन करावं अशी अट टाकली गेली. आणि म्हणूनच फरमार्क (कार्डवर लोड टाकून बघायचं सॉफ्टवेअर) तासभर आरामात चालतो पण गेम पाचव्या मिनिटाला पाडतो, कारण फरमार्कचा लोड सपाट असतो, गेममधे मेन्यू, लोडिंग, स्फोट, परत शांत असं सारखं वर-खाली होत असतं. तेव्हा फरमार्क पास झाला म्हणून एसएमपीएसला क्लीन चिट देऊ नका. ओसीसीटी या टेस्टिंग सॉफ्टवेअरमधली पॉवर टेस्ट प्रोसेसर आणि कार्ड दोन्हीवर एकदम लोड टाकते, ती जास्त खरं सांगते, पण ती चालू असताना समोर बसून राहा, लावून निघून जाऊ नका. एसएमपीएसच्या पिना पेपरक्लिपने जोडून तो चालू होतो का ते बघणं तर लोडसाठी काहीच सांगत नाही, फॅन फिरला एवढंच कळतं. आणि ८० प्लस गोल्ड वगैरे स्टिकर एफिशियन्सीचा आहे, अचानक लोड आला तर तो कसा वागेल याचा नाही.

नवा एसएमपीएस घ्यायच्या आधी केबल बघा, खरंच. ८ पिनच्या एका कनेक्टरचं रेटिंग १५० वॉट. कार्डला असे दोन कनेक्टर असतील आणि तुम्ही एकाच केबलची दोन तोंडं लावली असतील तर सगळा भार त्या एका केबलवर जातो, एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल ओढून लावा, कित्येकांचा प्रॉब्लेम इथेच संपतो. नवीन १६ पिनवाला कनेक्टर असेल तर पीसी बंद करून तो काढा, पिन काळी पडलीय का, प्लास्टिक वितळलंय का बघा आणि परत पूर्ण आत बसेपर्यंत दाबा, कनेक्टरच्या अगदी जवळ केबल वाकवू नका. प्रोसेसरची वरच्या कोपऱ्यातली ८ पिनपण एकदा काढून लावा. एक गोष्ट कळकळीने सांगतो, दुसऱ्या एसएमपीएसची मॉड्युलर (दोन्ही बाजूंनी निघणारी) केबल कधीच वापरू नका, कार्डाकडचं तोंड सारखं असतं पण एसएमपीएसकडच्या पिनांची रचना प्रत्येकाची वेगळी असते, चुकीच्या पिनला १२ व्होल्ट गेले की ड्राइव्ह, बोर्ड काहीही जळू शकतं. आणि एसएमपीएस स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमधे जीवघेणा चार्ज राहू शकतो.

भिंतीची बाजू लोक विसरतात. पीसी यूपीएसवर असेल तर एकदा तो बाजूला ठेवून थेट सॉकेटला लावून खेळून बघा. यूपीएसवर लिहिलेला आकडा व्हीए असतो, वॉट त्याहून बरेच कमी असतात, ६०० व्हीएचा छोटा यूपीएस बऱ्याचदा ३६० वॉटच्या आसपासच देतो, त्यावर गेमिंग पीसी आणि मॉनिटर म्हणजे लोड आला की तो हात टेकणारच. एक्स्टेन्शन बोर्डात बोर्ड लावला असेल तर तोही काढा.

टेम्परेचरसाठी एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सर दाखवणारं सॉफ्टवेअर लावा आणि लॉगिंग चालू करून खेळा, रीस्टार्ट झाल्यावर फाइलच्या शेवटच्या ओळी बघा. प्रोसेसर ९० ला गेला म्हणून घाबरू नका, रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर ९५ डिग्रीपर्यंत चालायलाच बनवलेत आणि इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची हद्द १०० आहे, शिवाय बंद पडायच्या आधी ते स्पीड कमी करतात. म्हणजे गरमी असेल तर आधी गेम अडखळेल, एफपीएस पडेल, मग बंद. काहीच अडखळलं नाही आणि एकदम काळोख झाला तर गरमीवर संशय कमी. कार्डचं हॉट स्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) आणि बोर्डच्या व्हीआरएमचं (प्रोसेसरला व्होल्टेज देणारा भाग) टेम्परेचरपण बघा. धूळ साफ करा, साइड पॅनल काढून एकदा खेळा, फरक पडला तर कॅबिनेटची हवा कमी पडतेय.

याच्यापुढे सेटिंग. बायोस डिफॉल्टवर आणा, एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम जास्त स्पीडला चालवायची सेटिंग) बंद, अंडरव्होल्ट (व्होल्टेज कमी करणं) बंद, रायझनमधला व्होल्टेज बदलणारा कर्व्ह ऑप्टिमायझर बंद. 'माझी रॅम दोन वर्षं याच स्पीडला चालतेय' हे कारण धरू नका, एक्सएमपी हे ओव्हरक्लॉकच आहे. डिफॉल्टवर बरं वाटलं तर एकेक गोष्ट परत चालू करा, दोन गोष्टी एकदम बदलल्या की कोणामुळे झालं ते कधीच कळणार नाही. रॅमसाठी मेमटेस्ट८६ ही रॅम तपासायची टेस्ट रात्रभर लावा, एकही एरर आली तरी रॅम किंवा तिची सेटिंग संशयित. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतला आय७ किंवा आय९ असेल तर बायोस अपडेट आधी करा, २०२४ मधे व्होल्टेजच्या गडबडीवर नवीन मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला कोड, जो बायोसमधून अपडेट होतो) आला होता, पण प्रोसेसर आधीच खराब झाला असेल तर अपडेटने तो बरा होत नाही, त्यासाठी इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवलीय ती वापरा.

ड्रायव्हर फक्त क्रॅश झाला तर शक्यतो स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते किंवा गेम बंद पडतो, अख्खा पीसी सहसा रीस्टार्ट होत नाही. तरी डीडीयू या ड्रायव्हर काढायच्या टूलने जुना ड्रायव्हर साफ करून परत टाकायला हरकत नाही. कॅबिनेटच्या रीसेट बटणाची छोटी वायर बोर्डवरून काढून ठेवूनही बघा, बटण शॉर्ट असेल तर तेही रीस्टार्ट मारतं.

एवढं करूनही सुटलं नाही तर कोणाकडून तरी चांगला, जास्त वॉटचा एसएमपीएस त्याच्या स्वतःच्या केबलसकट एक-दोन दिवसांसाठी मागा, आणि ज्या गेममधे ज्या सेटिंगवर पीसी पडायचा तोच गेम तीच सेटिंग ठेवून खेळा. पडला नाही तर जुना एसएमपीएस वॉरंटीला द्या. देताना 'फक्त पूर्ण लोडवर बंद पडतो, पॉवर लिमिट कमी केली की पडत नाही, दुसऱ्या एसएमपीएसवर चालतो' असं लिहून द्या, नाहीतर ते नुसता चालू करून बघतात आणि ठीक आहे म्हणून परत पाठवतात.