हरणांसाठी फूड प्लॉट लावताय? मग या चुका टाळा

ऑगस्ट संपत आला की ओळखीतले लोक फोटो पाठवायला लागतात. पिवळी पडलेली रोपं, मध्येमध्ये उघडी वाळू, आणि खाली प्रश्न, काय चुकलं हो? इथे मिशिगनच्या उत्तर भागात आपल्या काही मराठी घरांनी जंगलाचे २०-४० एकराचे तुकडे घेतलेत, शिकारीचं लायसन्स काढलंय, पोरंही हौसेने येतात, आणि पहिल्याच वर्षी सगळ्यांना फूड प्लॉट पाहिजे असतो. नवीन लोकांसाठी सांगतो, शिकारीच्या जमिनीवर हरणांनी यावं, रेंगाळावं, थंडीतही त्यांना हिरवं मिळावं म्हणून मुद्दाम लावलेलं छोटं शेत म्हणजे फूड प्लॉट. भारतात शिकारीला बंदीच आहे, आणि गावाकडे लोक हरणं शेतात येऊ नयेत म्हणून रात्र रात्र राखण करतात, त्यामुळे आपल्याला हे सगळं उलटं वाटतं. पण काम शेतीचंच आहे, आणि ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या शेती झाली तीच माणसं इथे दुकानातून बियाण्याची पिशवी आणून दुपारभरात फेकून मोकळी होतात, हे बघून खरंच जीव तुटतो.

माती न तपासता बी टाकणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने पाइनची झाडं तोडून अर्धा एकर मोकळा केला आणि तिथे महागातला पांढरा क्लोव्हर टाकला, म्हणजे लसूणघासासारखं चाऱ्याचं पीक. उगवला, दोन-दोन पानांवर आला आणि तिथेच थांबला. पुढच्या वसंतात परत टाकला, परत तेच. आधी बियाण्याला दोष दिला, मग पावसाला, मग म्हणे हरणांनीच खाल्लं. मला बोलावलं तेव्हा गाडीतून उतरल्या उतरल्या प्लॉटच्या कडेला ब्रॅकन नेच्याची झाडी दिसली, आणि प्लॉटमध्ये सगळीकडे जमिनीलगत पसरलेलं, तांबूस तुऱ्यांचं, भाल्याच्या टोकासारख्या छोट्या पानांचं एक तण. इथे त्याला शीप सॉरेल म्हणतात. आपल्या आंबटचुक्याच्या कुळातलं आहे, पान चावून बघा, तीच चव लागते. हे तण आणि नेचा असे एकत्र माजलेले दिसले की माती आंबट असणार हे समजून जायचं. तरी अंदाजावर जायचं नाही म्हणून नमुना पाठवला. मातीचा सामू, म्हणजे पीएच, आला ५ च्या जरासा वर.

आता क्लोव्हरला सामू लागतो ६ ते ७. लसूणघास लावायचा असेल तर ६.५ च्या वरच पाहिजे. आंबट मातीत खत टाकलं तरी त्यातलं बरंचसं पिकाला मिळतच नाही, फॉस्फरस मातीत अडकून बसतो, क्लोव्हरच्या मुळांवरच्या गाठीही नीट धरत नाहीत. म्हणजे दोन वर्षं त्या माणसाने बी आणि खत दोन्ही वाया घालवलं होतं. या भागात वाळूची जमीन खूप, कालकास्का सँड ही तर मिशिगनची अधिकृत राज्य-मातीच आहे, आणि पाइनखालची अशी वाळू बहुतेक आंबटच निघते.

उपाय एकच, चुना. आणि चुन्याला वेळ लागतो, सहा महिने तरी धरा. रिपोर्टमध्ये एकरी २ टन आला तर ४० पौंडाच्या गोळीचुन्याच्या १०० पिशव्या होतात, अर्ध्या एकराला ५०. हो, पन्नास पिशव्या ट्रकमधून उतरवून, एटीव्हीच्या, म्हणजे रानात चालवायच्या चारचाकी बाइकच्या, ट्रेलरवर टाकून जंगलात न्यायच्या, दुसरा मार्ग नाही. इथे लोक लगेच विचारतात, लिक्विड चुना चालेल का? अहो अडीच गॅलनच्या कॅनचं सगळं वजन धरलं तरी पस्तीसेक पौंड भरतं. जिथे हजार-दोन हजार पौंड चुना लागतोय तिथे त्या कॅनमधला चुना किती पुरणार, हा हिशोब शाळेतलं पोरगंसुद्धा करेल. शॉर्टकट विकणाऱ्यांचं एक समजू शकतो, घेणाऱ्यांचं मला समजत नाही.

त्या जागेवर मग आम्ही शरद ऋतूत चुना टाकला, त्याच वेळी राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) पेरली कारण राय आंबट मातीतही तग धरते, आणि क्लोव्हर नंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये फेकला. रात्री गोठतं, दिवसा वितळतं, जमिनीला बारीक भेगा पडतात आणि बी आपोआप आत जातं. आता तिथे हरणं असतात.

नमुना घ्यायची माझी पद्धत अशी, प्लॉटमध्ये नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी ६ इंचापर्यंतची माती काढायची, प्लास्टिकच्या बादलीत कालवायची, सावलीत पेपरवर वाळवायची आणि त्यातली थोडी पाठवायची. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीची एक्स्टेन्शन सेवा, म्हणजे शेतीसल्ला विभाग, माती तपासून देते, इतर राज्यांतही अशी सोय असते. पाठवताना काय लावणार आहात तेही लिहा, शिफारस त्याप्रमाणे येते.

जागा न मोजणं आणि बी दाट फेकणं

ही माझी दुसरी दुखरी नस. विचारलं किती मोठा प्लॉट आहे, तर उत्तर येतं "असेल एक एकर." जंगलातली मोकळी जागा नेहमी आहे त्यापेक्षा मोठी दिसते, चारी बाजूंनी झाडं असली की डोळा फसतो. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजेच आपले ४० गुंठे. आपल्याला गुंठा डोळ्यासमोर आणता येतो, ३३ फूट बाय ३३ फूट, मग तो हिशोब इथे का विसरायचा? एका मित्राचा "एक एकर" आम्ही टेप लावून मोजला तर जेमतेम १२ गुंठे भरला. त्याने त्यात सलगम, रेप (मोहरीच्या कुळातलं पानांचं पीक) आणि मुळ्याचं मिक्स एकराच्या मापाने टाकलं होतं, आणि पिशवीत उरलं ते कशाला ठेवायचं म्हणून तेही वरून फेकलं. सलगमाच्या एका पौंडात दोन लाखांच्या आसपास बिया असतात, क्लोव्हरच्या पौंडात सात-आठ लाख. मेथीच्या वाफ्यासारखं दाट उगवलं. पंधरा दिवस बघायला फार छान दिसलं, त्याने फोटो काढून सगळ्यांना पाठवले, आणि सप्टेंबरात खालची पानं पिवळी, मग वरची पण. उपटून बघितलं तर खाली कंद धरलाच नव्हता, नुसतं दोऱ्यासारखं मूळ. हरणांनी शेंडे खुडले आणि नोव्हेंबरात, म्हणजे १५ तारखेला बंदुकीचा सीझन उघडतो तेव्हा, प्लॉट मोकळा.

सलगम एकटं असेल तर एकरी ४-५ पौंड बस झालं, पांढरा क्लोव्हर एकटा ५ ते ८, राय मात्र एकरी १०० पौंडांच्या पुढे लागते, दोन बुशेल म्हणजे ११२ पौंड असं मी धरतो. बियाणं वजन करून घ्या, किचनचा काटा चालतो. मग त्याचे दोन भाग करायचे, एक उभा फेकायचा, एक आडवा, बी फेकायच्या यंत्राचं तोंड जितकं बारीक करता येईल तितकं करायचं. बारीक बियात मी कोरडी वाळू मिसळतो, हात चांगला बसतो. जुनी माणसं फोकून पेरताना हेच करायची.

आणि सलगम-रेपला नत्र द्या. एकरी १२० पौंड युरिया म्हणजे ५५ पौंड नत्र, दहा गुंठ्याला ३० पौंड युरिया. पाऊस येणार असेल त्याच्या आदल्या दिवशी टाका, नाहीतर उन्हात बराचसा हवेत जातो. क्लोव्हरला मात्र युरिया टाकू नका, तो आपलं नत्र आपण बनवतो, तुम्ही टाकलेल्यावर गवत माजतं. क्लोव्हरच्या बियाला रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी धरवणारे जिवाणू, लावलेले आहेत का तेवढं बघून घ्या, नसतील तर लावून घ्या, सोयाबीनला गावाकडे लावतात तसंच.

बाकीच्या, थोडक्यात

बी खोल गाडणं. क्लोव्हर आणि सलगमाचं बी पाव इंचाच्या खाली गेलं की संपलं. लोक बी टाकतात आणि वरून परत डिस्क फिरवतात. तसं नका करू. आधी जमीन दाबून घट्ट करा, मग बी टाका, मग परत दाबा. बूट ठेवून बघायचा, अर्ध्या इंचापेक्षा जास्त रुतला तर जमीन अजून पोकळ आहे. कल्टीपॅकर (जमीन दाबायचा खाचांचा रोलर) नसेल तर लॉनचा रोलर आणा, तोही नसेल तर एटीव्हीच्या चाकाने शेजारी शेजारी पट्टे मारत जा, वेळ लागतो पण होतं.

वाफसा न बघता नांगरट. चिकणमाती असेल तर ढेकळं होतील आणि वर्षभर तशीच राहतील. शनिवारी सुट्टी आहे म्हणून जमीन तयार असतेच असं नाही.

लेबर डेच्या सुट्टीत, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला, सलगम लावणं. उत्तर मिशिगनमध्ये जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत लावा, त्यानंतर सलगम विसरा आणि राय किंवा गहू पेरा. राय थंडीत सुद्धा उगवते, सप्टेंबर अर्धा सरला तरी चालते. ओट हरणांना फार आवडतो पण कडक थंडीत मरतो, म्हणून मी दोन्ही मिसळतो.

रायच्या जागी रायग्रास आणणं. ब्रेडची राय हे धान्य आहे, रायग्रास हे लॉनचं गवत. रायग्रास एकदा घुसलं की काढता काढता नाकी नऊ येतात. पिशवीवरचा मोठ्या शिंगांचा फोटो बघू नका, पाठीमागे शिवलेलं लेबल वाचा, त्यात कुठलं बी किती टक्के, उगवण किती, तपासणीची तारीख कधीची, सगळं छापावं लागतं. "न नांगरता लावा" वाल्या पिशव्यांमध्ये बरेचदा रायग्रासच जास्त असतं. लेपवाल्या बियात एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त वजन नुसत्या लेपाचं असू शकतं, तेही तिथेच लिहिलेलं असतं.

मक्याच्या जुन्या शेतात विचारपूस न करता क्लोव्हर लावणं. मक्यात मारलेलं ॲट्राझिनसारखं तणनाशक पुढच्या हंगामापर्यंत मातीत राहू शकतं, आणि तुमचं रोप उगवून पिवळं पडून मरतं. शेत कोण कसत होतं त्याला जाऊन विचारा, काय मारलं आणि कधी. आमच्या शेजारचा म्हातारा शेतकरी वहीत बघून सांगतो. सांगणारं कोणी नसेल तर तिथली माती कुंडीत भरा, तेच बी टाका, खिडकीत ठेवा आणि तीन आठवडे थांबा. हे थांबणंच लोकांना जमत नाही.

दोन-तीन गुंठ्यात सोयाबीन. आसपास हरणं बऱ्यापैकी असतील तर कोवळ्या शेंड्यांवरच साफ करून टाकतील. कुंपण घालणार असाल तर लावा, नाहीतर पैसे वाचवा.

सलगम एकाच जागी वर्षानुवर्षं लावू नका, मुळांचे रोग धरतात. मी क्लोव्हर आणि सलगम अदलाबदल करतो.

सावलीतला प्लॉट. दिवसाला चार तास तरी ऊन नसेल तर तिथे काही लावू नका, ऑक्टोबरात पानगळ होऊन सगळं झाकलं जाईल ते वेगळंच.

"हरणं येतच नाहीत" असं म्हणण्याआधी प्लॉटमध्ये एक पिंजरा लावा. वेल्डेड जाळी घ्यायची, चारेक फूट रुंदीचं गोल कडं करायचं, दोन खुंट्या ठोकून उभं करायचं, झालं. आत हरणाचं तोंड पोचत नाही. महिन्याने पिंजऱ्यात गुडघाभर क्लोव्हर आणि बाहेर दोन इंच असेल तर हरणं रोज येतायत, तुम्हाला दिसत नाहीत एवढंच. आत-बाहेर दोन्ही खुरटं असेल तर मातीकडे परत जा. माझ्या प्रत्येक प्लॉटमध्ये एक पिंजरा असतो, आणि सल्ला विचारणाऱ्याला मी आधी पिंजऱ्याचा फोटो मागतो.

दिसत का नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा तुमची वाट असते. गाडी प्लॉटच्या कडेला लावायची, प्लॉट ओलांडून मचाणावर जायचं, संध्याकाळी हरणं चरत असताना टॉर्च लावून खाली उतरायचं, असं दोन-चारदा झालं की मोठे नर अंधार पडल्याशिवाय बाहेर येत नाहीत. प्लॉटची जागा ठरवतानाच आधी वारा कुठून येतो आणि आपण कुठून येणार-जाणार हे ठरवा, बी नंतर. वाट उघडी असेल तर आडोशाला कडेने स्विचग्रास हे उंच वाढणारं गवत लावा, पहिल्या वर्षी ते काहीच दिसत नाही, धीर धरा, उपटून टाकू नका.

शेवटचं, प्लॉट फसला म्हणून मक्याची पोती आणून ओतणं. हे मी कळकळीने सांगतोय. मिशिगनच्या मोकळ्या हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज पहिल्यांदा २०१५ मध्ये सापडला. हा मेंदूचा रोग आहे, त्यावर औषध नाही, आजारी हरणाच्या लाळेतून-मुत्रातून पसरतो, मातीत वर्षानुवर्षं टिकतो, आणि एका ढिगाऱ्यावर दहा तोंडं लागली की त्याला आयतं रान मिळतं. लोअर पेनिन्सुलात (मिशिगनच्या दक्षिणेकडच्या मोठ्या भागात) २०१९ पासून असं खाणं टाकायला बंदी आणली, उगवलेला फूड प्लॉट चालतो, ओतलेला मका नाही. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत, काही ठिकाणी काउंटीप्रमाणे, म्हणजे जिल्ह्याप्रमाणे, बदलतात, त्यामुळे सीझनआधी त्या वर्षीची नियमावली आपल्या काउंटीपुरती तरी वाचून काढा. रोग सापडलेल्या भागात हरीण मिळालं तर डोकं तपासणीला द्या, आणि रिझल्ट येईपर्यंत ते मटण फ्रीजरमध्ये वेगळ्या पिशवीत तारीख टाकून ठेवा, घरी नाही, पाहुण्यांना नाही, कोणालाच वाढू नका.