‘दोन्ही गुडघे’ असं लिहिलंय म्हणून लगेच एम१७.० टाकू नका

मी मेडिकल कोडर, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी वाचून प्रत्येक आजाराला आयसीडी-१० यादीतला कोड देते. माझे कोड तपासणाऱ्या ऑडिटची पहिली शीट आली तेव्हा चुकांच्या सहा लाल ओळी मोजल्या, लॅपटॉप मिटला आणि बाहेर सोप्यावर जाऊन बसले. सहाही चार्ट, म्हणजे रुग्णांच्या नोंदी, गुडघ्यांचे. चूकही एकच, सहा वेळा केलेली. प्रोबेशनचा तिसरा महिना होता. रोज डिचोलीहून कदंब बसने पणजीला जाऊन क्लास केला, त्याचे पैसे पाण्यात गेले असंच वाटलं.

तुमचा क्लास झालेला आहे असं धरून चालते. सांध्यांच्या झिजेत, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये (ओए), हिप एम१६, गुडघा एम१७, अंगठ्याच्या मुळाचा सांधा एम१८, आणि मणक्याची झीज इथे नाहीच, ती एम४७ मध्ये, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी अडकले ते लॅटरॅलिटीत, म्हणजे आजार उजवीकडे, डावीकडे की दोन्हीकडे, यात. हसू नका. उजवा-डावा कळत नाही असं कुणालाच वाटत नाही.

चार्ट असा. डाव्या गुडघ्याचं टोटल नी रिप्लेसमेंट, उपचाराचा सीपीटी कोड २७४४७. असेसमेंटमध्ये, म्हणजे निदानाच्या भागात, डॉक्टरांनी लिहिलेलं, दोन्ही गुडघ्यांचा प्रायमरी ऑस्टिओआर्थ्रायटिस. मी एम१७.० दिला, दोन्ही गुडघ्यांचा कोड. शब्दाला शब्द जुळत होता. पण दोन पानं वर, सर्जिकल हिस्टरीत एक ओळ होती: उजवा गुडघा आधीच बदललेला. म्हणजे तिथे आता धातू आणि प्लास्टिक. झिजायला कूर्चाच उरली नाही, मग ऑस्टिओआर्थ्रायटिस कशाचा? बरोबर कोड एम१७.१२ (फक्त डावा गुडघा), आणि उजव्या कृत्रिम सांध्यासाठी झेड९६.६५१. असेसमेंटची ती ओळ जुन्या नोटमधून पुढे पुढे कॉपी होत आली होती. डॉक्टरांनी पुसली नाही आणि मी वर जाऊन पाहिलं नाही.

आमच्या वाड्यावरच्या एका काकींचा एक गुडघा बांबोळीच्या इस्पितळात बदलून झाला, तरी देवळाच्या पायरीवर टेकल्या की म्हणतात, “माझे दोन्ही गुडघे गेले गो.” त्यांना म्हणू दे. आपल्याला तसं म्हणून चालत नाही.

आता खरी गंमत. त्या ऑडिटनंतर मी इतकी घाबरले की उलट्या बाजूने चुकले. पुढच्या आठवड्यात एक चार्ट आला: दोन्ही गुडघे खराब, उजव्यात मागच्या महिन्यात इंजेक्शन, आज डाव्यात. मी ऐटीत एम१७.१२ दिला. उजव्याचे उपचार झाले ना! परत लाल. इंजेक्शनने दुखणं कमी होतं, आजार जात नाही. उजवा अजूनही आजारीच, म्हणून एम१७.०. आणि दोन्ही खराब असताना पहिल्यांदा फक्त उजव्याचं ऑपरेशन होतं, त्या भेटीलाही एम१७.० च, कारण त्या दिवशी रुग्ण दोन आजारी गुडघे घेऊन आलेला असतो. उपचार झाले का, हा प्रश्नच चुकीचा. त्या बाजूला आजार उरलाय का, एवढंच विचारा.

हे सगळं आयसीडी-१०च्या अधिकृत गाइडलाइन्समध्ये आहे, सेक्शन १, बी १३. उदाहरण मोतीबिंदूचं दिलंय, म्हणून ऑर्थो करणारे वाचायचा कंटाळा करतात. मीही केला होता.

मी मात्र व्हॉट्सअॅपवर फिरणारी एक एक्सेल शीट वापरत होते. ‘बायलॅटरल ओए नी’ समोर एम१७.०, संपलं. ही शीट देणाऱ्या सरांवर माझा अजून राग आहे. शॉर्टकट शिकवणारा गुरू स्वतःचा वेळ वाचवतो, तुमचा नाही. मला मार्गावर आणलं टीममधल्या एका ताईंनी. त्या उत्तर कधीच देत नाहीत, “पान उघड” एवढंच म्हणतात. तेव्हा चीड यायची. सीपीसी या कोडिंगच्या परीक्षेला बसले, १०० प्रश्न, ४ तास, पुस्तक समोर, तेव्हा त्याची किंमत कळली.

बाकीचं पटकन. आउटपेशंटला ‘प्रॉबेबल’ किंवा ‘रूल आउट’ लिहिलं असेल, म्हणजे निदान अजून पक्कं नसेल, तर ओएचा कोड नाही, दुखण्याचा द्या, उजवा गुडघा एम२५.५६१. ओए पक्का असेल तर त्याच गुडघ्याचं दुखणं वेगळं कोडू नका. एक्स-रेवरून झीज किती ते सांगणाऱ्या केलग्रेन-लॉरेन्स ग्रेडमुळे कोड बदलत नाही. जुन्या फ्रॅक्चरनंतरची झीज डॉक्टरांनी तशी लिहिली असेल तर पोस्ट-ट्रॉमॅटिकमध्ये जा, आपणच अंदाज बांधू नका. आणि दरवर्षी १ ऑक्टोबरला कोड बदलतात, चवथीच्या सुट्टीत नवी यादी नजरेखालून घाला.

पहिले सहा महिने वाईट जातात. पावसात आमच्याकडे वीज जाते, इन्व्हर्टर कुरकुरतो, टार्गेट तसंच राहतं. रडू आलं तर रडा. पण हिस्टरी न वाचता चार्ट सबमिट केलात तर माझ्याकडून सहानुभूतीची अपेक्षा नको.

मी आता प्रत्येक चार्टला वहीत दोन गोल काढते, उजवा आणि डावा, आणि त्यात लिहिते: आजारी, बदललेला, की निरोगी. परवा एका चार्टला दोन्ही गोलांत ‘बदललेला’ आलं, म्हणजे झेड९६.६५३, आणि असेसमेंटमध्ये मात्र अजून ‘दोन्ही गुडघ्यांचा ऑस्टिओआर्थ्रायटिस’. डॉक्टरांना क्वेरी पाठवलीय. उत्तर आलेलं नाही.