पुण्यात नोकरी शोधताय? मग ओळखी अशा वाढवा

लातूर, जळगाव, सोलापूरकडून डिग्री घेऊन पुण्यात आलेली, कॉट बेसिसवर राहून दिवसभर पोर्टलवर अर्ज टाकत बसलेली मुलंमुली म्हणतात की आमची इथं कुणाची ओळखच नाही. मला ते पटत नाही. ओळखी असतात, कधी नीट बसून मोजलेल्या नसतात एवढंच. आणि हा वशिला वगैरे काही नाही हो, जागा निघालीये का हे विचारायला लाजायचं कशाला, इंटरव्ह्यू तर तुम्हालाच द्यायचाय.

पहिलं काम आज रात्रीच करा. मेसवरून आलात की फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट वरपासून खालपर्यंत बघत वहीत नावं काढा. कॉलेजचे सीनियर, प्रोजेक्ट गाईड, क्लासचे सर, जुना रूममेट, गावातल्या मित्राचा मोठा भाऊ, मावशीच्या शेजारच्या काकू ज्यांची सून हिंजवडीत आहे, सगळे. "हा काय कामाचा" म्हणून कुणालाही गाळू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 साली लिहून ठेवलंय, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं की ज्याच्याकडून नोकरीचं कळलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा, तर नेहमी भेटणारे निघाले जेमतेम 17 टक्के, बाकी सगळे अधूनमधून नाहीतर क्वचित भेटणारे. साधं आहे, रूमवरच्या चौघांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच, नवीन बातमी बाहेरच्या ग्रुपमधून येते. 2022 मध्ये लिंक्डइनवरच्या 2 कोटी लोकांचा अभ्यास आला त्यातही हेच दिसलं, फक्त त्यात अगदी लांबच्यांपेक्षा मधल्या, थोडीफार ओळख असलेल्यांचा फायदा जास्त.

आता मेसेज. इथेच सगळं बिघडतं. "हाय सर, जॉब आहे का" आणि खाली रेझ्युमे, असे मेसेज माझ्याकडेही येतात आणि खरं सांगते, मदत करायची इच्छा असूनही काय उत्तर द्यावं कळत नाही, कारण सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम हवंय का सपोर्टचं तेच लिहिलेलं नसतं. त्यापेक्षा असं लिहा:

"नमस्कार दादा, मी तुमच्याच कॉलेजची, कॉम्प्युटरची, तुमच्यानंतर 3 वर्षांनी पास आउट. पाटील सरांनी तुमचा नंबर दिला. मी मॅन्युअल टेस्टिंग शिकलेय, आता ऑटोमेशनमध्ये आधी काय शिकावं यात अडकलेय. या आठवड्यात 15 मिनिटं फोनवर बोलता येईल का? तुमच्या सोयीने."

कोण, कुणाकडून, काय अडलंय, किती वेळ हवाय, सगळं आलं. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण करा, मग सोडून द्या, लोक खरंच बिझी असतात, मनाला लावून घेऊ नका.

बोलणं ठरलं की त्यांची प्रोफाइल वाचून दोन-तीन प्रश्न लिहून ठेवा. तुमच्या टीममध्ये फ्रेशरला पहिले सहा महिने काय काम देतात, इंटरव्ह्यूत पोरं कुठे अडकतात, असे. लगेच नोकरी मागू नका, ऐका, लिहून घ्या, आणि शेवटी एक विचाराच: "अजून कुणाशी बोललं तर फायदा होईल?" एका ओळखीतून दुसरी निघते ती इथूनच.

रेफरल, म्हणजे त्यांनी आपल्या कंपनीत तुमचं नाव सुचवणं, मागायचंच असेल तर बिनधास्त मागा. बऱ्याच आयटी कंपन्या रेफर केलेला माणूस लागला की कर्मचाऱ्याला बोनस देतात, त्यामुळे ते काही उपकार वगैरे नसतात. पण त्यांच्या कंपनीच्या साइटवरून जॉब आयडी (त्या जागेचा नंबर) तुम्ही शोधा, पीडीएफ रेझ्युमे जोडा आणि या जागेला मी का चालेन हे तीन ओळीत लिहून द्या म्हणजे त्यांना फक्त पुढे पाठवायचं राहील.

यानंतरची पायरी जवळपास कुणीच करत नाही आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्याच दिवशी थँक्यू, ते ठीकच, पण महिन्याभराने पुन्हा कळवा की दादा, तुम्ही म्हणालात तसं सेलेनियम हे ऑटोमेशनचं टूल शिकले, छोटा प्रोजेक्ट केला, ही लिंक. आपलं बोलणं वाया गेलं नाही हे समजल्यावर माणूस तुम्हाला विसरत नाही, पुढे टीममध्ये जागा निघाली की आधी तुमचं नाव आठवतं. नोकरी दुसरीकडेच लागली तरी सांगा, आनंदच होतो. दिवाळीच्या फॉरवर्ड केलेल्या शुभेच्छा यात धरू नका.

तुमच्याकडेही देण्यासारखं असतं. वॉक-इनची (थेट जाऊन द्यायच्या इंटरव्ह्यूची) खबर, स्वस्त रूमचा पत्ता, ज्युनियरला इंटरव्ह्यूचे प्रश्न. मागून घ्यायच्या आधी देत चला.

नंबर सेव्ह करताना नुसतं नाव नको, कुठे भेटले, काय बोलणं झालं हेही लिहा. भेटायचं असेल तर ऑफिसचं कॅन्टीन किंवा गर्दीचं हॉटेल ठरवा, मुलींनी तर नक्कीच. आणि कुणी नोकरी लावून देतो म्हणून आधी डिपॉझिट मागितलं तर पैसे अजिबात भरू नका, तो नंबर तिथेच ब्लॉक करा.