लग्न फेब्रुवारीत, संसार नागपूरच्या उन्हाळ्यात: नव्या घराची तयारी

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आपल्या ख्रिस्ती लोकांत शक्यतो लग्नं लावत नाहीत. त्यामुळे बहुतेक लग्नं जानेवारी-फेब्रुवारीत उरकतात, नाहीतर ईस्टर झाल्यावर एप्रिल-मेमध्ये होतात. कसंही केलं तरी नव्या जोडप्याचे पहिले महिने नागपूरच्या उन्हाळ्यात सापडतात. माझं लग्न फेब्रुवारीत झालं. मी नगरची, नवरा नागपूरचा, मोहननगरात वाढलेला. मी रुग्णालयात परिचारिका आहे. आम्ही काटोल रोडच्या बाजूला दोन खोल्यांचं भाड्याचं घर घेतलं. यंदा आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांत, तीन लग्नं ठरली आहेत आणि तिघींनीही मला एकच गोष्ट विचारली, "ताई, आधी काय काय करून ठेवायचं?" म्हणून सगळं एकदाच लिहून काढते आहे.

कागदांपासून सुरुवात करा. चर्चमध्ये लग्न लागलं की नोंदवहीत तुम्हा दोघांच्या, पाळकसाहेबांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या होतात. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे तीच तुमच्या लग्नाची नोंद. त्या क्षणी फुलं, फोटो, डोळ्यांत पाणी, आणि आपण कुठे सही करतोय ते कोणी वाचत नाही. माझ्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव आहे आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं. नोंदवहीत बाप्तिस्म्याचं गेलं. पुढे बँकेत, आधारमध्ये, नोकरीच्या ठिकाणी प्रत्येक खिडकीवर मला तेच उत्तर मिळालं की नाव जुळत नाही. प्रतिज्ञापत्र करून ते निस्तरण्यात दोन महिने गेले, तेही नवीन घर लावायच्या दिवसांत. म्हणून लग्नाच्या आठवडाभर आधी दोघांनी चर्चच्या कार्यालयात जा, आधार कार्ड समोर ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर तसंच लिहून घ्या. लग्नानंतर दाखल्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती मागून ठेवा. नोकरी असेल तर पीएफचं नामनिर्देशन नव्याने करा, लग्नाआधी आईवडिलांच्या नावे केलेलं लग्नानंतर चालत नाही. विमा आणि बँकेतली नावंही त्याच आठवड्यात बघून टाका, ही कामं मागे पडली की पडतातच.

घर बघायला जाल तेव्हा घरमालकाला सगळं आधी सांगा. आम्ही ख्रिस्ती आहोत, घरात मटण-मासळी होते, महिन्या-दोन महिन्यांनी प्रार्थनासभा ठेवू, वीसेक माणसं येतील, पेटी-तबल्यावर गाणी होतील आणि नऊच्या आत सगळे घरी जातील. आम्ही पाहिलेल्या एका घराचं सगळं पटलं होतं, टोकन द्यायला गेलो तेव्हा आडनावावरून प्रश्न सुरू झाले आणि घर मिळालं नाही. वाईट वाटलं. पण राहायला गेल्यावर रोज फोडणीचा वास लपवत जगण्यापेक्षा दारातूनच परतलेलं बरं. ज्यांनी आम्हाला घर दिलं त्या काकू पहिल्याच सभेला खालून सतरंजी घेऊन वर आल्या. भाडेकरार नोंदवूनच घ्या, महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो, आणि भाडेकरू म्हणून पोलिसांकडे द्यायची माहितीही लगेच देऊन टाका.

आता उन्हाळा. हे जरा सविस्तर लिहिते, कारण बाहेरून आलेल्या मुलीला याची कल्पनाच नसते. नगरचा उन्हाळा मी पाहिलेला होता, त्यामुळे मला वाटलं होतं, ऊन म्हणजे ऊनच. इथे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की रात्रीसुद्धा भिंती गरम असतात. म्हणून घर निवडताना शेवटचा मजला शक्यतो टाळा. पश्चिमेला कोणती भिंत येते ते संध्याकाळी पाचला जाऊन हात लावून बघा. ज्या खोलीत झोपणार तिचीच ती भिंत असेल तर दुसरं घर शोधा.

कूलर पलंगाच्याही आधी घ्या, हे मी मनापासून सांगते. तो खिडकीच्या बाहेर स्टँडवर बसवायचा, म्हणजे बाहेरची कोरडी हवा आत ओढतो. समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी चार बोटं उघडी हवी. सगळं बंद करून कूलर लावला तर खोली दमट होते, अंग चिकट होतं आणि माणूस म्हणतो, कूलर चालतच नाही. कूलरच्या बाजूंना पाणी झिरपणाऱ्या ताट्या असतात, त्या मार्चमध्येच बदलून घ्या. वाळ्याच्या असतील तर पहिल्या पाण्याबरोबर घरभर वास सुटतो, त्या वासाने मला पहिल्यांदा हे घर आवडलं. एप्रिल संपत आला की मिस्त्री फोन उचलत नाही. पंप तपासा, अर्थिंग तपासा. पाणी भरताना प्लग काढूनच भरा, ओल्या हाताने पत्र्याला शिवू नका. आमच्या वॉर्डात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक बसलेलं कोणी ना कोणी येतं, आणि त्यातलं प्रत्येक माणूस "दोन मिनिटांचं तर काम होतं" असंच म्हणतं. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कडा घासून काढा. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा पुरतो.

माझी रात्रपाळी होती तेव्हाचं सांगते. सकाळी साडेआठला घरी यायचे आणि दिवसभर झोपायचं. अकरा वाजता पडद्याच्या फटीतून येणारा उजेडसुद्धा चटका द्यायचा. नवऱ्याने काय केलं, तर रोज कामाला जाण्याआधी कूलर काठोकाठ भरायचा, खिडकीला जुनी चादर ओली करून अडकवायचा, उशाशी माठातल्या पाण्याचा तांब्या झाकून ठेवायचा आणि चप्पल हातात घेऊन जिना उतरायचा. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात लिहिलंय की नवीन लग्न झालेल्या पुरुषाला वर्षभर लढाईवर पाठवू नये, त्याने घरी राहून बायकोला आनंदी ठेवावं. लहानपणापासून ते ऐकलं होतं. मला ते कळलं त्या ओल्या चादरीवरून.

पाण्याचंही वेळापत्रक करा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी नळातून चहाच्या आधणासारखं येतं, म्हणून सकाळी सहाला दोन बादल्या भरून सावलीत ठेवा, संध्याकाळच्या आंघोळीला कामी येतात. नवा माठ एक दिवस भिजवून, एक-दोनदा पाणी बदलून मग वापरा. घरात ओआरएसची पाकिटं ठेवा. उन्हातून आलेलं माणूस असंबद्ध बोलू लागलं, अंग तापलं, तर लिंबू-पाणी करत बसू नका. अंगावर पाणी मारत, वारा घालत थेट रुग्णालयात न्या.

स्वयंपाकघरासाठी फार खरेदी नको. आहेरात आलेली भांडी उघडायच्या आधी एका वहीत कोणी काय दिलं ते लिहा. सहा डिनर सेट आले तर दोन ठेवा. दोन कढया, एक कुकर, तवा, पोळपाट आणि मसाल्याचा डबा एवढ्यावर आमचे तीन महिने निघाले, बाकीचं लागेल तसं इतवारीच्या बाजारातून आणलं. वर्षाचं धान्य पहिल्या वर्षी भरू नका, सासूबाई आग्रह करतील तरी. दोन माणसांना किती लागतं याचा अंदाज वर्षभराने येतो आणि भाड्याच्या घरात कोठी नसते. मिरची मात्र उन्हाळ्यातच घ्या, भिवापुरी मिळाली तर उत्तमच. बाहेरून येणाऱ्या मुलींनी एक ध्यानात ठेवावं, इथे बाजारात सांबार म्हणजे कोथिंबीर, आलू म्हणजे बटाटा आणि टोमॅटोला टमाटर म्हणतात. महिन्याभरात आपल्याही तोंडात तेच बसतं.

यानंतरची गोष्ट कुठल्या दुकानात मिळत नाही. मी कितीतरी दिवस "आमच्याकडे" म्हणायचे ते नगरच्या घराला. आमच्याकडे भाजीत कूट घालतात, आमच्याकडे जेवणाआधी उभं राहून प्रार्थना करतात. नवरा "आमच्याकडे" म्हणायचा ते मोहननगरच्या घराला. दोन खोल्यांच्या घरात दोन माणसं, आणि दोघांचं "आमच्याकडे" दुसरीकडेच. हे भांडणाच्या वेळी लक्षात आलं. दर रविवारी उपासना झाली की आम्ही सासूबाईंकडे जेवायला जायचो, मटण-भात व्हायचा, दुपार तिथेच जायची, संध्याकाळी मी पाळीला निघायचे. एका रविवारी मी रडले, कारण आमच्या स्वतःच्या घरात आम्ही दोघांनी एकदाही रविवारचं जेवण केलेलं नव्हतं. नवऱ्याने आईला स्वतः सांगितलं, मला सांगायला लावलं नाही. हे फार महत्त्वाचं आहे, ज्याची आई त्यानेच बोलावं. आता महिन्यातले दोन रविवार तिकडे, एक आमच्या घरी फक्त दोघं, आणि एक रविवार सासू-सासरे आमच्याकडे येतात. हे लग्नाआधीच बोलून घ्या. त्यात मान-अपमान शिरायच्या आत बोलणं झालेलं असलं की सोपं जातं.

प्रार्थनेचंही असंच. माझं माहेर अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचं, ते मिशन १८३१ मध्ये नगरला आलं. तिथे प्रार्थना म्हणजे मनातून, डोळे मिटून, कधी कधी वीस मिनिटं. नवऱ्याचं घराणं अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या वळणाचं, त्यांच्या हातात पुस्तक असतं आणि शब्द ठरलेले असतात. मला ते कोरडं वाटायचं, त्याला माझं लांबलेलं वाटायचं. २९ नोव्हेंबर १९७० ला ह्याच नागपुरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये वेगवेगळ्या पंथांच्या सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यात ह्या दोन्ही वळणांची माणसं होती. सासऱ्यांनी मला हे सांगितलं आणि म्हणाले, "एवढ्या मोठ्या मंडळ्यांना जमायला कित्येक वर्षं लागली, तुम्हीही वेळ घ्या." आम्ही रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं ठरवली. एक स्तोत्र, एक दिवस तो इंग्रजीतून वाचतो आणि एक दिवस मी मराठीतून, मग एकाने आपल्या शब्दांत दोन-चार वाक्यं, मग दोघांनी मिळून प्रभूची प्रार्थना. पाळी असेल तेव्हा फोनवर. तेव्हा वेळ आणि जागा पहिल्याच आठवड्यात ठरवा. आमची जागा स्वयंपाकघरातल्या घडीच्या टेबलाशी आहे.

पहिल्या महिन्यातच माहेरच्या मंडळीतून सभासदत्वाचं पत्र आणून इथल्या पाळकसाहेबांना द्या. पत्र राहिलं की माणूस दोन्हीकडे पाहुणा राहतो. गृहसमर्पणाची प्रार्थना घर पूर्ण लागेपर्यंत थांबवू नका. आमच्याकडे तेव्हा पडदेसुद्धा नव्हते. पाळकसाहेबांनी दाराशी, चुलीशी आणि झोपायच्या खोलीत प्रार्थना केली, काकूंच्या सतरंजीवर सगळे बसले, पोहे आणि चहा झाला. मोठा बेत केला तर लोक बेताचंच बोलतात.

पैशाचं थोडक्यात सांगते. लग्नाचं कर्ज कोणाच्या डोक्यावर किती आहे ते दोघांनी पहिल्याच पगाराला कागदावर मांडा, लपवलेलं एक-दोन महिन्यांत बाहेर येतंच. दशांश (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग), भाडं आणि घरी पाठवायचे पैसे आधी बाजूला काढा. आणि महिन्याला थोडी रक्कम नगर-नागपूर तिकिटासाठी ठेवा, माहेरची आठवण काही महिनाअखेर बघून येत नाही.

जूनच्या मध्यावर पाऊस आला की कूलर दमटपणा वाढवतो, तेव्हा तो बंद करून कोरडा करा, ताट्या काढून उन्हात वाळवा आणि टाकी पालथी घाला. भिंतीला ओल कुठे येते त्याचे फोटो काढून घरमालकांना त्याच वेळी पाठवा, दिवाळीनंतर सांगितलं तर कोणी मानत नाही.

गॅलरीत नाताळच्या ताऱ्यासाठी हूक आणि बाहेर एक प्लग लागेल, तेही घरमालकांना आत्ताच विचारून घ्या. इलेक्ट्रिशियन पंख्यासाठी येतो तेव्हाच ते काम होऊन जातं. नाताळात घरोघरी कॅरोल, म्हणजे नाताळची गाणी, गायला चर्चच्या तरुण संघाची मुलं येतात, म्हणून नोव्हेंबरात त्यांच्याकडे आपला नवा पत्ता, मजला आणि जवळची खूण लिहून द्या. आमचा पत्ता पहिल्या वर्षी यादीत नव्हता. कॅरोलवाली मुलं मोहननगरच्या घरी गाऊन गेली आणि मी इथे गॅलरीत शाल घेऊन रात्री बारापर्यंत उभी होते. दुसऱ्या वर्षी नवऱ्याने पत्ता स्वतः नेऊन दिला. साडेदहाला गिटार आणि ढोलकी घेऊन बावीस जण जिना चढून आले. तेव्हा करंज्या तीस कराव्यात असं मी सांगेन, आणि चहाचं मोठं पातेलं शेजारून आदल्या दिवशीच आणून ठेवावं.