मलेरियाच्या परजीवीवर काम करायचंय? आधी केसपेपर वाचायला शिका

एम.एस्सी. संपत आलेल्या मुलामुलींचे फोन येतात तेव्हा पहिला प्रश्न साधारण एकच असतो. "ताई, फॅल्सिपेरमचे नमुने मिळतायत. एमएसपी१, एमएसपी२ करून विविधता बघते. पीएच.डी. होईल ना?" होईल. फॅल्सिपेरम हा मलेरियाचा सगळ्यात घातक परजीवी, आणि एमएसपी१, एमएसपी२ ही त्याची दोन जनुकं; त्यांच्यावर जगभरात इतकं काम झालंय की पद्धत तयार आहे, प्रायमर (हवं ते जनुक वाढवायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) तयार आहेत, खर्च झेपतो आणि शोधनिबंध छापूनही येतो. मीही तिथूनच सुरुवात केली. पण "अमुक जिल्ह्यात इतके प्रकार सापडले" एवढ्यावर थांबलेला निबंध आता कोणी फारसा वाचत नाही. एकाला चार दिवस थंडीताप येऊन जातो आणि त्याच गावातला दुसरा बेशुद्ध होऊन जिल्हा रुग्णालयात पोचतो, यात परजीवीच्या जनुकांचा वाटा किती, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. तिकडे वळणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

पाया आधी पक्का करा. माणसाच्या रक्तात असताना हा परजीवी हॅप्लॉइड असतो, म्हणजे त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो. त्यामुळे एका रुग्णाच्या रक्तात एमएसपी२चे तीन प्रकार दिसले, तर त्याच्या अंगात निदान तीन वेगवेगळे क्लोन, म्हणजे जनुकांनी एकसारख्या परजीवींचे गट, आहेत. जनुकांची सरमिसळ होते ती डासाच्या पोटात. डासाने एकाच क्लोनचं रक्त ओढलं असेल तर नर-मादी दोन्ही त्याच क्लोनचे, नवीन काही निपजत नाही. दोन-तीन क्लोन एकदम ओढले असतील तर पत्ते पिसले जातात. म्हणून जिथे प्रसार जोरात तिथे एकेका माणसात क्लोन जास्त आणि गावातली विविधताही जास्त. प्रसार ओसरला की दोन्ही खाली येतात. आपल्याकडेच पाहा. भामरागड, एटापल्ली, धानोरा या गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फॅल्सिपेरमचं राज्य. मुंबईत पाण्याच्या टाक्यांत आणि बांधकामांवर वाढणारा स्टीफेन्सी डास आणि मुख्यतः व्हायव्हॅक्स हा मलेरियाचा दुसरा परजीवी. नमुना कुठला आणि कोणत्या महिन्यातला, हे न सांगता विविधतेचा आकडा सांगण्यात काही अर्थ नाही.

आता लॅबमधलं. एमएसपी१च्या ब्लॉक २ या भागात तीन घराणी, म्हणजे मिळत्याजुळत्या प्रकारांचे गट, असतात: के१, मॅड२० आणि आरओ३३. एमएसपी२मध्ये दोन, थ्रीडी७ आणि एफसी२७. नेस्टेड पीसीआर म्हणजे डीएनएच्या प्रती दोन फेऱ्यांत वाढवणं. पहिल्या फेरीत पूर्ण पट्टा वाढवायचा, दुसऱ्या फेरीत घराण्यानुसार प्रायमर घालायचे, मग अ‍ॅगारोज जेलवर तुकडे आकारानुसार वेगळे करून बँड, म्हणजे रेघा, मोजायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण पहिल्या फेरीची नळी उघडली की तिच्यातला डीएनए टेबलावर, ग्लोव्हजवर, पिपेटवर सगळीकडे जातो. दुसऱ्या फेरीसाठी वेगळी खोली, वेगळी पिपेट आणि प्रत्येक खेपेला निगेटिव्ह कंट्रोल (परजीवीचा डीएनए नसलेली नळी) हवाच. शिवाय पीसीआर पक्षपाती असतो. छोटा तुकडा आधी आणि भरभरून वाढतो, मोठा मागे राहतो, आणि संख्येने कमी असलेला क्लोन जेलवर उमटतही नाही. आकारात वीसेक बेस जोड्यांपेक्षा कमी फरक असलेले दोन प्रकार साध्या जेलवर एकच बँड म्हणून दिसू शकतात. आकार जास्त बारकाईने मोजणारी कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस मिळत असेल तर ती वापरा. अँप्लिकॉन सिक्वेन्सिंगला (वाढवलेल्या तुकड्याचं अक्षर न् अक्षर वाचायला) पैसे असतील तर फारच छान, त्यात शंभरात एक-दोन इतका दुर्मिळ क्लोनही पकडता येतो. प्रायमर स्वतः बनवायची हौस असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. फॅल्सिपेरमच्या जीनोममध्ये, म्हणजे सगळ्या डीएनएत, चार अक्षरांपैकी ए आणि टी हीच सुमारे ८० टक्के आहेत, आणि अशा एकसुरी अक्षरमाळेत वेगळी ओळखू येणारी जागा शोधणं हे कंटाळवाणं काम आहे.

आणि एक अडचण कुठल्याच यंत्राने सुटत नाही. फॅल्सिपेरमचं चक्र ४८ तासांचं. त्यातल्या साधारण दुसऱ्या अर्ध्या भागात संसर्ग झालेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात, बोटातून काढलेल्या रक्तात येतच नाहीत. काल दिसलेला क्लोन आज गायब असू शकतो. म्हणून एका दिवसाच्या नमुन्यावरून आलेला आकडा नेहमी "किमान" म्हणून लिहा.

बरं, क्लोनची संख्या आणि आजाराची तीव्रता यांचा संबंध आहे का? वाचायला बसाल तर डोकं गरगरेल. काही ठिकाणी गंभीर रुग्णांत क्लोन जास्त सापडले, काही ठिकाणी कमी, काही ठिकाणी फरकच नाही. हे सगळे लोक चुकले असं नाही. जिथे मलेरिया कायमचा मुक्कामाला आहे, तिथे लक्षणं नसलेली माणसंही अंगात अनेक क्लोन घेऊन हिंडतात, कारण वर्षानुवर्षांच्या संसर्गाने त्यांना अर्धीमुर्धी प्रतिकारशक्ती आलेली असते. तिथे क्लोनची संख्या ही माणसाला किती वेळा डास चावले याची नोंद असते, परजीवी किती घातक आहे याची नव्हे. तेव्हा तुलना कोणाची कोणाशी करणार, हे आधी ठरवा. गंभीर रुग्ण आणि साधा ताप असलेला रुग्ण हे एकाच वयोगटातले, एकाच भागातले, एकाच हंगामातले असले पाहिजेत. हे जमत नसेल तर संबंधाच्या भानगडीत न पडता नुसती विविधता छापा, ते जास्त प्रामाणिक आहे.

मला स्वतःला सगळ्यात रंगतदार वाटतं ते व्हार जनुकांचं कुटुंब. एका फॅल्सिपेरममध्ये अशी साठेक जनुकं असतात, पण संसर्ग झालेल्या तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर एका वेळी बहुधा एकाचंच प्रथिन मिरवलं जातं. त्याचं नाव पीएफईएमपी१. परजीवी अधूनमधून बहुरूप्यासारखं सोंग बदलतो, म्हणून प्रतिपिंडांनी एक ओळखलं तरी दुसरं सोंग घेतलेले निसटतात. कुठलं सोंग घेतलंय त्यावर पेशी कुठे चिकटणार हे ठरतं. व्हार२सीएसए हा प्रकार वारेतल्या काँड्रॉइटिन सल्फेट ए या रेणूला चिकटतो, म्हणून पहिलटकरणीला मलेरियाचा धोका जास्त आणि बाळ कमी वजनाचं होण्याची भीती. पुढच्या बाळंतपणांत धोका कमी होतो, कारण तोवर त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असतात. परजीवीचा एक प्रकार आणि एक विशिष्ट आजार यांची इतकी स्वच्छ सांगड दुसरीकडे क्वचितच सापडते.

गंभीर मलेरियात चित्र इतकं स्वच्छ नाही, पण धागा हाती लागलाय. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ईपीसीआर नावाचा रिसेप्टर असतो. त्याला चिकटणारे पीएफईएमपी१ गंभीर मलेरिया झालेल्या आफ्रिकी मुलांत जास्त आढळतात, हे २०१३मध्ये पुढे आलं. प्रौढांचं काय, या प्रश्नाचं महत्त्वाचं उत्तर आपल्या शेजारून आलं. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रौढ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तिथेही गंभीर आजाराशी ईपीसीआरला चिकटणारे प्रकार आणि शरीरातला परजीवींचा एकूण भार या दोन्हींचा संबंध दिसला. नवख्यांनी हा निबंध पुन्हा पुन्हा वाचावा. निष्कर्ष महत्त्वाचे आहेतच, पण रुग्ण निवडले कसे ते मुद्दाम पाहा.

या कामाला नुसता डीएनए पुरत नाही. साठ जनुकं तर सगळ्यांकडेच आहेत, त्यातलं त्या क्षणी कुठलं चालू होतं हे आरएनए सांगतो. आरएनए नाजूक. रक्त काढल्याबरोबर ते टिकवणाऱ्या द्रावणात गेलं पाहिजे, आणि तेही उपचार सुरू होण्याआधी. आर्टेसुनेट या मलेरियाच्या औषधाचं पहिलं इंजेक्शन तुमच्या नमुन्यासाठी थांबत नाही, थांबूही नये. म्हणून नळ्या आधीच वॉर्डात ठेवा, संमतीपत्रं तयार ठेवा, आणि रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांशी ओळख वाढवा. चहा पाजा, त्यांच्या केसमध्ये खरंच रस घ्या.

आता शीर्षकातला केसपेपर. मलावीत ब्लँटायरला सेरेब्रल (मेंदूच्या) मलेरियाच्या व्याख्येत चपखल बसणाऱ्या आणि दगावलेल्या ३१ मुलांचं शवविच्छेदन झालं. त्यातल्या ७ मुलांच्या मेंदूत चिकटलेल्या पेशी नव्हत्याच, मृत्यूचं कारण दुसरंच निघालं. २००४चा हा निबंध. रक्तात परजीवी होते, शुद्ध हरपली होती, तरी मलेरिया हा तिथे नुसता साक्षीदार होता. तुमच्या "गंभीर" गटात चौथा हिस्सा असा असेल तर पुढचं कितीही महागडं सिक्वेन्सिंग काही वाचवणार नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात डेंगी आणि लेप्टो हे दोन पाहुणे हमखास सोबतीला असतात. मुंबई, कोकण, गोव्याचे नमुने असतील तर या दोन्ही तपासण्यांचे निकाल केसपेपरवर आहेत का ते बघा. प्लेटलेट्स कमी दिसल्या की "सिव्हिअर" असा शेरा मारायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत नुसत्या कमी प्लेटलेट्सना जागा नाही. प्रौढांसाठी निकष असे: शुद्ध किती आहे ते सांगणारा ग्लासगो स्कोअर ११च्या खाली, क्रिएटिनिन ३ मिलिग्रॅमच्या वर, हिमोग्लोबिन ७च्या खाली, कावीळ, फुप्फुसात पाणी, अशी यादी आहे आणि प्रत्येकाला अटी आहेत. ती यादी पाठ करा. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे डॉक्टरांचं काम वाटतं. नाही, ते तुमचं काम आहे, कारण आलेखाच्या आडव्या अक्षावर तेच बसणार आहे.

माणसाची जनुकंही मोजा. पूर्व विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, आणि सिकलसेलचं एकच जनुक असलेल्या वाहकांना गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे १९५४पासून माहीत आहे. २०२२मध्ये गांबिया आणि केनियातल्या मुलांच्या अभ्यासातून कळलं की परजीवीच्या जीनोममध्ये तीन जागा अशा आहेत, जिथले ठरावीक प्रकार असतील तर हे संरक्षण बरंचसं गळून पडतं. म्हणजे एकाच संसर्गात दोन्हीकडची जनुकं वाचावी लागतात. गडचिरोलीत काम करणाऱ्याने हे तपासलं नाही तर मला नवल वाटेल.

व्हायव्हॅक्सबद्दल थोडक्यात. तो फॅल्सिपेरमसारखा प्रयोगशाळेत सलग वाढवता येत नाही, यकृतात दडून महिन्यांनी परत उठतो, आणि उठलेला क्लोन पहिल्या तापाच्या वेळचाच असेल असंही नाही. त्यामुळे पुन्हा आलेला ताप जुना की नवा, हे जनुकांवरून ठरवणं महाकठीण. पहिल्याच प्रकल्पाला हा विषय घेऊ नका.

नोकरीच्या दृष्टीने पाहिलं तर विविधतेचं शिक्षण औषधं, निदान आणि लस या तिन्हींकडे नेतं. के१३ जनुकातल्या बदलांवरून आर्टेमिसिनिन या औषधाला दाद न देणारे परजीवी ओळखता येतात, हे २०१४मध्ये कंबोडियातून कळलं. एचआरपी२ जनुक गळालेले परजीवी त्या प्रथिनावर चालणाऱ्या रॅपिड किटला चकवतात. पेरूमधून २०१०मध्ये ते जगासमोर आले. आरटीएस,एस ही मलेरियाची लस थ्रीडी७ या परजीवीच्या वाणाच्या प्रथिनावर बेतलेली आहे. परजीवी त्याच्याशी जुळणारा असेल तर पहिल्या वर्षात लस सुमारे ५० टक्के परिणामकारक, नसेल तर सुमारे ३३ टक्के, असं २०१५मध्ये दिसलं. त्याच कुळातली आर२१ लस पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. परजीवी लसीला कुठे बगल देतात यावर नजर ठेवणारी माणसं पुढेही लागणारच.

प्रवेशाचं बोलायचं तर सीएसआयआर-यूजीसी नेट, आयसीएमआर आणि डीबीटी यांच्या जेआरएफ (पीएच.डी.साठीच्या संशोधन शिष्यवृत्त्या) हे नेहमीचे दरवाजे. जेआरएफची रक्कम २०२३पासून महिना ३७ हजार रुपये, वर घरभाडं. दिल्लीची राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था आणि जबलपूरची आदिवासी आरोग्य संशोधन संस्था या दोन्हींच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. अधल्यामधल्या काळात लिनक्स आणि आर ही संगणकाची भाषा शिका. हाताशी नमुने नसले तरी अडत नाही. मलेरियाजेन या आंतरराष्ट्रीय संशोधक-जाळ्याचा पीएफ७ हा परजीवींच्या जीनोमचा संच ३३ देशांतल्या २० हजारांहून जास्त नमुन्यांचा आहे आणि सगळ्यांना खुला आहे.

फील्डवर जायचं असेल तर आशाताईंना विचारून दिवस ठरवा. धानाची रोवणी चालू असताना गावात कोणी भेटणार नाही, तेंदूपत्त्याच्या दिवसांतही नाही. संमतीपत्र मराठीत असून भागत नाही, माडिया किंवा गोंडी बोलणारं माणूस सोबत हवं, आणि त्याला आधी सगळं नीट समजलेलं हवं. फिल्टर पेपरवरचे थेंब पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो. पूर्ण वाळल्याशिवाय पाकिटात घालू नका, सिलिका जेलच्या पुड्या दोन जास्त ठेवा. तपासणीत कोणाला मलेरिया निघाला तर त्याच दिवशी उपकेंद्रात कळवा आणि औषध सुरू झालंय का ते बघूनच गाडीत बसा. आणि प्रकल्पाचा अर्ज लिहिताना "गंभीर" कोणाला म्हणणार, त्याची व्याख्या पहिल्या पानावर टाका. मुलाखतीत परीक्षक बहुतेक तिथूनच सुरुवात करतात.