कच्च्या आहारात फळं आणि कँडिडाची बुरशी

फळाच्या साखरेनं पोटात बुरशी वाढते, हे ऐकून मृग बहाराची संत्री सोडू नका. ती साखर बहुतेक लहान आतड्यातच शोषली जाते. कँडिडा फोफावते ती ताब्यात नसलेल्या मधुमेहानं, अँटिबायोटिकनं, स्टेरॉइडनं किंवा रात्रभर तोंडात राहिलेल्या कवळीनं.

संत्रं फोडी करून, चोथ्यासकट खा. १०० ग्रॅममागे साखर साधारण ९ ग्रॅम. रसाच्या एका गिलासात तीन-चार संत्री जातात अन् चोथा उकिरड्यावर! खजूर, मनुका दाताला चिकटतात, म्हणून थोड्याच खा आणि चूळ भरा. शुगर असेल तर सीताफळ अर्धंच. नुसत्या फळांवर राहू नका. भिजवलेले शेंगदाणे, काकडी, मुळा सोबत हवेतच. उन्हाळ्यात चिरलेली पपई आंबूस वास मारू लागली, कडेला फेस दिसला, की फेका. फळ आंबवणारी ती बुरशी (यीस्ट) कँडिडाहून वेगळी, पण पोट बिघडतंच.

जिभेवर दह्यासारखे पांढरे डाग, खरवडल्यावर खाली लाल. किंवा अंगावरून पांढरं जाऊन खाज सुटत असेल, तर फळं बंद करून वाट पाहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, उपाशीपोटी शुगरही तपासा. १२६ किंवा वर आली, तर पुन्हा तपासून खात्री करतात.