मोबाईलवरून स्मोक अलार्म बंद करताय? मग या चुका टाळा

छताला लावलेला अलार्म एकदा बोंबलायला लागला की काय होतं ते ज्याने अनुभवलंय त्याला सांगायला नको, स्टूल आणा, वर चढा, एका हाताने कान दाबा आणि दुसऱ्या हाताने ते छोटंसं बटण चाचपडा, आणि तीन मीटरवरसुद्धा ८५ डेसिबलचा आवाज असतो तो, अगदी जवळून तर डोकं बधिर होतं. म्हणून अ‍ॅपमधून आवाज बंद करायची सोय आली तेव्हा मला खूप बरं वाटलं होतं आणि आजही वाटतं. पण ही सोय वापरताना लोक ज्या चुका करतात त्यातल्या काही खरंच जिवावर बेतू शकतात, आणि त्यातली सगळ्यात मोठी मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी बाहेर होतो, आई घरी एकटी. दुपारी फोनवर धुराचा अलर्ट आला. आमच्याकडे त्या वेळेला किचनजवळचा अलार्म अधूनमधून वाजायचाच, त्यामुळे मी न वाचताच सायलेन्स दाबलं आणि फोन खिशात टाकला. साधारण आठ-नऊ मिनिटांनी परत अलर्ट. या वेळी नीट वाचलं तर खोलीचं नाव किचन नव्हतंच, मागची बेडरूम होती. लगेच आईला फोन लावला, म्हटलं आई, मागच्या खोलीत जाऊन बघ ना पटकन. ती जाऊन आली आणि म्हणाली, "अरे, बोर्डाची पिन वितळलीये, भिंत काळी झालीये, वास येतोय." मी तिला आधी मेन स्विच बंद करायला सांगितलं, ज्वाळा नव्हत्या म्हणून निभावलं. मग विचारलं की पहिल्यांदा वाजला तेव्हा उठून बघितलं नाहीस का, तर ती म्हणाली, "वाजायला लागला तेव्हा उठतच होते, पण तेवढ्यात थांबला, मला वाटलं तू बंद केलास म्हणजे काही नसेल."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मला वाटत होतं घरात कोणीतरी बघत असेल, तिला वाटलं मी बघितलंय, आणि प्रत्यक्षात कोणीच बघितलं नव्हतं. घरातल्या माणसासाठी आवाज थांबणं म्हणजे "ठीक आहे, बसा" असा निरोपच असतो आणि तो निरोप मी काही माहीत नसताना दिला.

न बघता दाबणं

त्यामुळे दुरून अलार्म बंद करायचा असेल तर क्रम पक्का ठेवा. आधी अलर्टमधलं खोलीचं नाव आणि धूर आहे की कार्बन मोनॉक्साइड (इंधन अर्धवट जळलं की तयार होणारा विषारी वायू) ते वाचा, मग घरात असेल त्याला फोन करा, त्याने दारापाशी जाऊन बघितलं आणि सांगितलं की मगच बटण. घरात कोणी नसेल तर बंद करूच नका, वाजू दे, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ दे, तेवढाच त्याचा उपयोग आहे. कॅमेरा असेल तर बघा जरूर, पण कॅमेऱ्यात खोली स्वच्छ दिसली म्हणजे धूर नाही असं समजू नका, सुरुवातीचा पातळ धूर त्यात दिसत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडला तर रंगही नाही आणि वासही नाही.

काही कंपन्यांनी हे ओळखून अ‍ॅपलाच लगाम घातलाय. नेस्ट कंपनीच्या नेस्ट प्रोटेक्ट या स्मार्ट स्मोक अलार्मचंच घ्या. २०१३ साली आलेल्या पहिल्या मॉडेलला नुसता हात हलवून गप्प करता यायचं, पण नकळत झालेल्या हालचालीनेही अलार्म दबू शकतो असं लक्षात आल्यावर एप्रिल २०१४ मध्ये विक्री थांबवली आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेत सुमारे ४ लाख ४० हजार नगांसाठी रिकॉल जाहीर झाला, ते फीचरच बंद केलं. २०१५ च्या मॉडेलला फोनवरून गप्प करायची सोय आली ती ब्लूटूथवर, म्हणजे फोन अलार्मच्या जवळपास पाहिजे. आता कोणी म्हणतं की मग काय फायदा, मला ऑफिसमधून बंद करता येत नाही. मला विचाराल तर हेच बरोबर आहे, जो जवळ आहे त्यालाच बंद करू द्यावं.

तुमचं बटण दबत नसेल तर हेही एक कारण असू शकतं. ब्लूटूथ बंद असेल, फोन घरच्या वायफायऐवजी मोबाईल डेटावर असेल, किंवा अ‍ॅपला लोकेशनची नाहीतर जवळची डिव्हाइस शोधायची परवानगी दिलेली नसेल. पण त्याच्या आधी दुसरं कारण तपासा.

बटण चालत नाही म्हणून दाबत बसणं

सायलेन्स म्हणजे अलार्म बंद होत नाही. बहुतेक अलार्ममध्ये तो साधारण आठ-दहा मिनिटांसाठी थोडा कमी संवेदनशील होतो, तेवढ्यात हवा साफ झाली तर ठीक, नाहीतर आपोआप परत वाजतो. आणि धूर ठरावीक पातळीच्या वर गेला असेल तर तो सायलेन्स मानतच नाही. म्हणजे बटण राखाडी झालं किंवा दाबूनही आवाज चालूच राहिला तर अ‍ॅप हँग झालंय म्हणून ते बंद करून परत उघडू नका, अलार्म तुम्हाला सांगतोय की धूर खरंच जास्त आहे. अशा वेळी फोन वापरायचा तो फक्त कॉल करायला.

एकदा दाबल्यावर परत वाजला तरी हाच अर्थ घ्या. दोनदा वाजणारा अलार्म खरा मानायचा, हा आमच्या घरातला नियम आहे आता.

सगळे आवाज एकच समजणं

तीन बीप, थोडा थांबा, परत तीन बीप म्हणजे धूर. चार बीप, थांबा, परत चार म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. आणि मिनिटाला एखादी बारीक टुक अशी येत असेल तर ती बहुतेक वेळा बॅटरीची किंवा अलार्मची मुदत संपल्याची असते. या टुकटुकीला अ‍ॅपमधून काही तास शांत करता येतं काही मॉडेलमध्ये, म्हणून लोक रोज रात्री ते करत राहतात आणि मग एक दिवस वैतागून अलार्म काढून कपाटात ठेवतात. अलार्म उतरवा आणि मागच्या बाजूची तारीख बघा. स्मोक अलार्म बनल्यापासून १० वर्षं धरायचा, कार्बन मोनॉक्साइडचे मॉडेलनुसार साधारण ५ ते १० वर्षं. मुदत संपली असेल तर नवीन बॅटरी घालूनही टुक थांबणार नाही, अलार्मच बदलावा लागतो.

कार्बन मोनॉक्साइडला धुरासारखं वागवणं

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथे गफलत झाली तर कळायलाही वेळ मिळत नाही. धुराच्या अलार्मला माणूस नाकाने, डोळ्यांनी खात्री करू शकतो. इथे काहीच दिसत नाही, म्हणून लोक म्हणतात खोटा अलार्म असेल, फोनवरून गप्प करतात आणि झोपतात. हे अलार्म हवेतलं प्रमाण आणि वेळ दोन्ही मोजतात, अमेरिकन मानकाप्रमाणे ७० पीपीएमला (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) १ ते ४ तासांत वाजायला पाहिजे आणि ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत. म्हणजे तो वाजला तेव्हा तुम्ही त्या हवेत बराच वेळ श्वास घेत बसलेले असू शकता. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, आणि महत्त्वाचं म्हणजे विचार मंदावणं, त्यामुळे "काही नाही, झोपतो जरा" हा निर्णयसुद्धा त्या वायूचाच असू शकतो.

तेव्हा सायलेन्स नाही. सगळे बाहेर, पाळीव प्राण्यांसकट, बाहेर माणसं मोजा, मग आपत्कालीन नंबरवर फोन. अजून एक चूक म्हणजे खिडक्या उघडल्या, अलार्म गप्प झाला, म्हणून परत आत येऊन तोच हीटर किंवा गीझर चालू करणं. वायू बाहेर गेला, पण तो बनवणारं उपकरण तिथेच आहे. जाणकाराने तपासल्याशिवाय त्याला हात लावू नका. आणि दुरून फोन करून घरच्यांना "अरे काही नाही, सेन्सर बिघडलाय" असं तर कधीच सांगू नका.

गॅस गळतीचा डिटेक्टर असेल तर आणखी एक वेगळा धोका आहे जो मोबाईलमुळेच आलाय. अलर्ट आला की लोक फोनवरून एक्झॉस्ट फॅन चालू करतात, स्मार्ट प्लग आहे ना, वाटतं गॅस बाहेर जाईल. प्लगच्या आतला स्विच चालू-बंद होताना ठिणगी पडू शकते आणि तुम्ही ती भरलेल्या खोलीत दुरून पाडताय. फॅन नको, लाईट नको, काहीच चालू करू नका आणि चालू असलेलं बंदही करू नका. घरच्यांनी आतून फोनवर बोलत न बसता बाहेर पडायचं. (एलपीजी हवेपेक्षा जड असतो म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीजवळ लागतो, पाईपने येणारा नैसर्गिक वायू हलका म्हणून त्याचा वर. चुकीच्या उंचीवर लावलेला डिटेक्टर उशिरा वाजतो.)

जोडलेल्या अलार्ममध्ये भलताच गप्प करणं

एकमेकांना जोडलेले अलार्म असले की एक वाजला की सगळे वाजतात. ज्याने धूर पकडला तो अलार्म गप्प करावा लागतो, दुसरा दाबला तर फक्त तोच गप्प होतो आणि बाकीचे चालू राहतात किंवा थोड्या वेळाने सगळे परत सुरू होतात. अ‍ॅपमध्ये खोली लाल दाखवतात ती बघा, साध्या अलार्मवर बहुतेक वेळा दिव्याची लुकलुक वेगळी असते. आणि अर्धे जुने वायरवाले, अर्धे स्मार्ट असं असेल तर अ‍ॅपला जुने दिसतच नाहीत, त्यांना वर चढूनच बंद करावं लागतं.

अलर्टच फोनवर येत नाही

बंद करायची वेळ येण्याआधी कळायला तर पाहिजे. आयफोनवर क्रिटिकल अलर्ट नावाची वेगळी परवानगी आहे, २०१८ च्या आयओएस १२ पासून, ती दिली तर फोन सायलेंट किंवा डू नॉट डिस्टर्बवर असला तरी वाजतो, अर्थात अ‍ॅपने ती सोय दिलेली पाहिजे. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनसाठी अ‍ॅपला आधी तुमची परवानगी लागते, घाईत "नको" दाबलं की संपलं. शिवाय बॅटरी वाचवणारं सेटिंग अ‍ॅपला मागे झोपवून ठेवतं, त्यातून हे अ‍ॅप वगळा. वायफायचा पासवर्ड बदलला, नवीन राउटर आणला, की अलार्म ऑफलाईन जातो आणि बरेच अलार्म फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात हेही लक्षात ठेवा. बॅटरी ठीक असली तर ऑफलाईन अलार्म घरात वाजतोच, फक्त तुमच्यापर्यंत पोचत नाही. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा, आणि ते करताना सगळ्यांचे फोन समोर ठेवा म्हणजे कोणाच्या फोनवर काय येतं, निदान ऑफलाईन तर दाखवत नाही ना, ते तिथल्या तिथे कळेल.

रोजचा खोटा अलार्म सायलेन्सवर ढकलणं

माझी चूक मुळात इथली होती. किचनजवळचा अलार्म सारखा वाजायचा म्हणून बोटाला न बघता दाबायची सवय लागली. अलार्म चुलीपासून निदान ३ मीटर लांब पाहिजे, बाथरूमच्या दाराजवळ नको कारण वाफेने वाजतो, आणि जाळीत धूळ किंवा बारीक किडे गेले तरी वाजतो. व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने जाळी साफ करा, फवारा मारू नका. अलार्म आयोनायझेशन प्रकारचा (विद्युतभारित हवेतल्या बदलावरून धूर ओळखणारा) असेल तर स्वयंपाकाने जास्त वाजतो, त्या जागी फोटोइलेक्ट्रिक (प्रकाशाच्या मदतीने धूर ओळखणारा) लावून बघा. आम्ही नुसती जागा बदलली आणि आठवड्याला दोन-तीनदा येणारा अलर्ट महिन्यात एकदाही येत नाही. बॅटरी काढून ठेवणं हा उपाय नाही, प्लीज.

अ‍ॅप घरात चार जणांच्या फोनवर असेल तर एकाने दाबलं की बाकी तिघांना "सायलेन्स केला" एवढंच दिसतं आणि तिघेही निश्चिंत होतात. आम्ही ठरवलंय की जो दाबेल त्याने लगेच ग्रुपवर लिहायचं, काय बघितलं आणि कोणी बघितलं. "बंद केला" एवढं चालत नाही. घर सोडून गेलेल्यांचे, जुन्या भाडेकरूंचे लॉगिन काढून टाका. आणि अलार्म बदललात तर जुन्याची नोंदही अ‍ॅपमधून काढा, नाहीतर एकाच नावाच्या दोन बेडरूम दिसतात आणि ऐन वेळी तुम्ही कपाटात पडलेल्या अलार्मला गप्प करत बसता.